पेटीच्या मधोमध शून्य: धन-ऋण संख्या सुरांतून शिकवताना

मॅडम, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात तुम्ही सहावी-सातवीला गणित शिकवता. मुलं साध्या बेरीज-वजाबाकीत पक्की आहेत, पण ऋण संख्या आली की अडतात. ५ − ८ ला ‘जात नाही’ म्हणतात, −५ ला −३ पेक्षा मोठं ठरवतात आणि ४ − (−३) पाशी गप्प बसतात. शाळेत पेटी (हार्मोनियम) आहे, ती फक्त प्रार्थनेला निघते. तिचा उपयोग होईल का, तुम्हाला गाणं येत नाही ते चालेल का, आणि सातवीतलं ‘वजा गुणिले वजा अधिक’ त्यात बसेल का?

उपयोग होतो, आणि चांगला होतो. गाणं यायची गरज नाही. भाता हलवता आला आणि पट्ट्या मोजता आल्या की पुरे. सातवीचा गुणाकारही बसतो, पण नुसत्या सुरांत नाही, त्याला सोबत ताल लागतो. ते पुढे सांगतो.

आधी मुलं नेमकी कुठे अडतात ते पाहू. माझ्या अनुभवात अडचण वजा चिन्हाची नसते, शून्याची असते. पहिलीपासून मुलं शून्य म्हणजे ‘काही उरलं नाही’ असंच शिकत आली आहेत. टोपलीत चार बोरं होती, चारही खाल्ली, उरलं शून्य. आता रिकाम्या टोपलीतून आणखी तीन बोरं काढ म्हटलं की मूल अडतं, आणि त्याचं अडणं बरोबर आहे. त्या अर्थाच्या शून्याखाली खरोखरच काही नसतं. म्हणून ऋण संख्यांच्या आधी शून्याचा दुसरा अर्थ मुलांच्या अंगवळणी पडावा लागतो: शून्य म्हणजे आपण ठरवलेलं ठिकाण, जिथून दोन्ही बाजूंना मोजायचं.

संगीतात हे ठिकाण आयतं मिळतं. सा हेच शून्य, आणि ते अजिबात रिकामं नाही. भजनात पेटीवाला घडीघडी त्याच्यावर येऊन थांबतो, गाणारा त्याच्या आधाराने गातो. त्याच्या खालचे सूर वरच्या सुरांइतकेच खरे, कानाला स्पष्ट ऐकू येणारे. मंद्र प मध्ये, म्हणजे सा च्या खालच्या प मध्ये, कशाची उणीव नाही. तो सूर आहे आणि सा च्या डावीकडे आहे, बस. एवढं कानाला पटलं की −५ ही खरीखुरी संख्या आहे हे पटवायला वेगळं भाषण लागत नाही.

नेहमीची उदाहरणं आपल्याकडे का लागू पडत नाहीत तेही बोलून घेतो. शून्याखालचं तापमान चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या लेकराने टीव्हीवरच पाहिलेलं असतं, त्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वरचा. समुद्रसपाटी लांब, तळघरात उतरणारी लिफ्ट त्याहून लांब. राहिलं कर्ज. गणिताला ते चपखल बसतं यात शंका नाही. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने या संख्यांचे नियम लिहिले तेही संपत्ती आणि कर्ज याच भाषेत. तरी कापूसपट्ट्यातल्या वर्गात मी ते उदाहरण वापरत नाही. सोसायटीचं थकलेलं कर्ज, सावकाराचे पैसे, बँकेची नोटीस हे विषय तिथल्या घरांत रात्री दबक्या आवाजात निघतात, आणि काही घरांत त्यापायी माणूस गेलेला असतो. अशा लेकरासमोर फळ्यावर ‘बाबांचं कर्ज ५००० रुपये’ लिहून त्याच्यामागे वजा चिन्ह काढू नये, असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगीन. गणित शिकवायला दुसरे रस्ते आहेत.

आता पेटी उघडा. पहिला निर्णय सा कुठे धरायचा हा, आणि त्यावर बरंच काही अवलंबून आहे. गावातले भजनी पुरुष काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, तीही खालच्या सप्तकातली (सप्तक म्हणजे एका सा पासून पुढच्या सा पर्यंतचा पट्टा). मुलांना त्या सुरात गायला लावलं तर सा च्या खालचे सूर त्यांच्या गळ्यातून निघतच नाहीत, नुसती हवा येते. मग ‘शून्याखाली काही नसतं’ हा जुना समज उलट पक्का होतो. म्हणून मधल्या सप्तकातली काळी दोन घ्या, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीतली उजवीकडची. तिथून पाच पट्ट्या खाली, मंद्र प पर्यंत, अकरा-बारा वर्षांच्या बहुतेक मुलांचा गळा उतरतो, आणि वरचे प, धही आरामात मिळतात. तुमच्या भजनी मंडळींना हा सा फार चढा वाटेल. वाटू द्या, गायचं मुलांना आहे.

मग एक लांबट पुठ्ठा कापा. जुन्या कॅलेंडरचा चालतो. पेटीच्या पट्ट्या मागच्या टोकाला, जिथे काळ्या-पांढऱ्या एका ओळीत येतात, तिथे साधारण सारख्या अंतरावर असतात. तिथे पुठ्ठा टेकवून प्रत्येक पट्टीसमोर खूण करा. काळ्या दोनसमोर ०, उजवीकडे १ ते १२, डावीकडे −१ ते −१२. पुठ्ठा चिकटवू मात्र नका, सरकता राहू द्या. तो पुढे सरकवायचा आहे.

इथे एक पथ्य. स्वरांची नावं मोजायची नाहीत, पट्ट्या मोजायच्या. सा-रे-ग-म मोजलं तर पायऱ्या सारख्या पडत नाहीत: सा ते रे मध्ये दोन पट्ट्यांचं अंतर, ग ते म मध्ये एकच. संख्यारेषेवर सगळी घरं सारखी हवीत. पट्ट्यांनी मोजलं की सा ०, कोमल रे १, रे २, कोमल ग ३, ग ४, म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, ध ९, कोमल नी १०, नी ११ आणि तार (वरचा) सा १२. कोमल म्हणजे एक पट्टी उतरलेला, तीव्र म्हणजे एक पट्टी चढलेला. खाली उतरताना मंद्र नी −१, मंद्र कोमल नी −२, मंद्र ध −३, मंद्र कोमल ध −४, मंद्र प −५, मंद्र म −७, आणि मंद्र सा −१२. हा तक्ता मुलांना पाठ करायला देऊ नका. पुठ्ठ्यावर तो आहेच, आणि बोटं तो आपोआप शिकतात.

दुसरं पथ्य मोजण्याचं. मुलं सा वर बोट ठेवून ‘एक’ म्हणतात. सा ला एक धरलं की शून्य नाहीसं होतं आणि पुढची सगळी उत्तरं एकाने चुकतात. नियम असा घालून द्या: बोट हलल्याशिवाय आकडा नाही. सा वर बोट आहे तोवर शून्य, बोट शेजारच्या पट्टीवर गेलं की एक. हे दोन-तीन तास सतत सांगावं लागतं, कंटाळू नका.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. आपल्या मुलांच्या तोंडी वरच्या सुराला ‘बारीक आवाज’ आणि खालच्या सुराला ‘जाड’ किंवा ‘मोठा आवाज’ असतो. अशा वर्गात ‘कोणता मोठा?’ विचारलं तर मुलं खालच्या सुराकडे बोट दाखवतात, आणि तुम्हाला वाटतं संख्या कळली नाही. म्हणून वर्गात ‘मोठा-लहान’ बंद, ‘चढा-उतरता’ सुरू. दोन सूर वाजवा, पुठ्ठा झाकून ठेवा, आणि विचारा: दुसरा सूर चढा की उतरता? हात वर किंवा हात खाली, एवढंच उत्तर. कान बसला की पुठ्ठा उघडा आणि −५ आणि −३ वाजवा. मंद्र ध हा मंद्र प पेक्षा चढा आहे हे वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूलही सांगतं. मग फळ्यावर −३ > −५ लिहा. ‘वजा असेल तर उलटं’ असला पाठांतराचा नियम द्यावा लागत नाही.

आता ज्या जागी मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो ती जागा. वरचा प ७ वर आहे हे कळल्यावर जवळपास प्रत्येक वर्ग ठरवून टाकतो की खालचा प −७ वर असणार. आर्वीकडच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने मला असंच विचारलं होतं, “सर, वरचा प सात, मंग खालचा प वजा सातच असन ना?” मी म्हटलं, वाजवून पाह्य. तिने शून्यावर बोट ठेवलं, डावीकडे मोजत गेली, −७ ची पट्टी दाबली आणि लगेच मान हलवली. “हा त म हाय.” मग एकेक पट्टी उजवीकडे येत गेली. −६, नाही. −५ वर थांबली, वरचा प दाबून पुन्हा खालचा दाबला, दोन्ही एकच सूर असल्यासारखे जुळले. क्षणभर पुठ्ठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पाच अन् सात बारा.”

तिने जे पाहिलं ते असं. सप्तक बारा पट्ट्यांचं. मंद्र सा −१२ वर बसतो. प हा आपल्या सा पासून सात पट्ट्या वर असतो, म्हणून मंद्र प चं ठिकाण −१२ + ७, म्हणजे −५. सा च्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर मोजलं की सारखं नाव मिळत नाही: सात चढलं तर प, सात उतरलं तर म. ७ आणि −७ शून्यापासून सारख्या अंतरावर असूनही ती दोन वेगळी ठिकाणं आहेत, आणि त्यांतला फरक कानाला ऐकू येतो. विरुद्ध संख्या म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला प्रसंग मला मिळालेला नाही. म्हणून मुलांना −७ चा अंदाज बांधू द्या. आधीच ‘तसं नसतं बरं’ सांगून टाकू नका.

जाता जाता: तुमच्या गावात कोणी पेटी शिकलेलं असेल तर मुलांच्या हाती भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन येईल. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनात मंद्र स्वराच्या खाली टिंब असतं आणि कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ. खाली टिंब असलेला प्रत्येक स्वर आपल्या पुठ्ठ्यावर शून्याच्या डावीकडे येतो, ते मुलांना दाखवा. आडव्या रेघेला मात्र मुलं वजा चिन्ह समजतात. कोमल ग ३ वर आहे, −३ वर नाही, हे तिथल्या तिथे स्पष्ट करा.

बेरीज अगदी सोपी, तिच्यावर फार वेळ घालवू नका. ‘चढ’ म्हणजे अधिक, ‘उतर’ म्हणजे वजा. एक मूल पेटीवर, बाकीचे हुकूम देणारे: “चढ चार, उतर सात!” बोट ४ वर जातं, तिथून −३ वर उतरतं. फळ्यावर ४ + (−७) = −३. मग कोडी द्या. भूप रागाचा हा तुकडा वाजवा: ग, रे, सा, मंद्र ध, मंद्र प. ठिकाणं ४, २, ०, −३, −५. हालचाली −२, −२, −३, −२, एकूण −९. आता इथून दोनच उड्यांत सा वर परत यायचं. कोणी +२, +३ सांगेल, कोणी +१, +४. दोन्ही बरोबर, आणि मुलं तुमच्याआधी नवीन जोड्या शोधतात. सा वरून निघून सा वर परतणाऱ्या कोणत्याही चालीतल्या उड्यांची बेरीज शून्य येते, हे ती स्वतःच म्हणू लागतात. त्यांना त्यांच्या आवडत्या भजनाचं धृपद मोजायला द्या. सूर शोधताना चुकतील, पण बेरीज पडताळता येते म्हणून चूक कुठे झाली तेही त्यांनाच सापडतं.

इथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. −३ हे ठिकाणही आहे (मंद्र ध) आणि हालचालही आहे (तीन उतर). वजा चिन्ह ही दोन्ही कामं करतं आणि मुलांचा गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो. ठिकाण बोलताना ‘खालचा तीन’ म्हणा, हालचाल बोलताना ‘उतर तीन’. फळ्यावर ठिकाणं पांढऱ्या खडूने, हालचाली रंगीत खडूने. वर्ग सरावला की एकच खडू पुरतो.

वजाबाकीला पेटी खरी कामाला येते. वजाबाकी म्हणजे ‘काढून घेणं’ हा एकच अर्थ धरला तर ४ − (−३) ला काही अर्थच राहत नाही. त्याऐवजी ‘कुठून कुठे?’ असं विचारा. ४ − (−३) म्हणजे −३ पासून ४ पर्यंत कसं जायचं? मंद्र ध वर बोट ठेवा, ग पर्यंत जा, मोजा. सात पट्ट्या, चढत. उत्तर +७. प्रश्न उलटा केला, (−३) − ४, तर ग पासून मंद्र ध पर्यंत सात उतर, −७. मुलाला इथे दिसतं की सा ओलांडताना खालचे तीन आणि वरचे चार यांची बेरीज होते. ‘वजा वजा अधिक’ हे कानात मंत्र फुंकल्यासारखं सांगायची गरजच पडत नाही. दोन प मधलं अंतर काढायला सांगा: ७ − (−५) = १२. आधीच्या तासाला सापडलेलं ‘पाच अन् सात बारा’ आता वजाबाकी होऊन समोर येतं, आणि वर्ग ते ओळखतो.

एका बाबतीत धीर धरा. ‘कुठून’ हा आकडा वजा चिन्हाच्या नंतर येतो, म्हणजे दुसरा आकडा आधी वाचायचा. मुलं पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि दिशा उलटी होते. प्रत्येक उदाहरणात बोट आधी दुसऱ्या आकड्यावर ठेवायला लावा. लेखी सोडवतानाही तेच करू द्या, कागदावर बोट ठेवून.

आता तो पुठ्ठा सरकवा. गाणाऱ्याचा गळा बदलला की सा बदलतो, हे आपल्या मुलांनी देवळात शेकडो वेळा पाहिलंय, फक्त त्याचं गणित कोणी दाखवलेलं नसतं. काळ्या दोनवरचं शून्य दोन पट्ट्या उजवीकडे नेलं की ते पांढऱ्या चारवर येतं. आधीच्या पुठ्ठ्याप्रमाणे हा नवा सा २ वर होता. नव्या पुठ्ठ्याप्रमाणे जुना सा −२ झाला. तीच पट्टी, आवाजात काही बदल नाही, आकडा बदलला. पण दोन प मधलं अंतर? जुन्या खुणांनी नवे प ९ आणि −३ वर, ९ − (−३) = १२. अंतर हललं नाही. चाल तीच ऐकू येते ती यामुळेच. शून्य आपण ठेवू तिथे असतं आणि फरक मात्र कायम राहतो, ही गोष्ट पुढे बीजगणितात, भूमितीत अक्ष मांडताना, पदार्थविज्ञानात सतत लागणार आहे. सहावीतल्या मुलाला ती पुठ्ठा सरकवून कळते, म्हणून हा तास गाळू नका.

आता सातवीचा गुणाकार. त्यासाठी वेळेलाही शून्य द्यावं लागतं, आणि ते शून्य म्हणजे सम. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे आठ सारख्या ठोक्यांचा. नेहमीच्या मोजणीत सम पहिली मात्रा असते, आपण तिला ० म्हणायचं. तिच्या आधीची आठवी मात्रा −१, सातवी −२, सहावी −३. ओळ सहाव्या मात्रेपासून उचलली की ‘वजा तीनवर उचलली’. खंजिरी वाजवणाऱ्या मुलाला हे चटकन कळतं, कारण समेच्या आधी उचलून समेवर येणं त्याच्या हाताला सवयीचं असतं. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरीची ही भूमी. बऱ्याच खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळ आहे, तिथला एखादा वाजवणारा तासाला बोलवा. फक्त एवढं सांभाळा की तालाच्या लेखनात ‘खाली’ नावाची, बिनजोराची मात्राही ० अशी लिहितात. ते शून्य वेगळं, आपलं शून्य समेवर.

ठेका चालू करा, संथ. पेटीवर तीव्र म, ग, रे, सा अशी उतरण वाजवा, एका मात्रेला एक सूर, आणि सा बरोबर समेवर आला पाहिजे. यमन राग ऐकलेल्या माणसाला ही उतरण लगेच ओळखू येईल. ठिकाणं ६, ४, २, ०. मात्रा −३, −२, −१, ०. दर मात्रेला दोन पट्ट्या उतर, म्हणजे वेग −२.

आता विचारा: समेच्या तीन मात्रा आधी आपण कुठे होतो? सहावर. वेग −२, वेळ −३, ठिकाण +६. म्हणून (−२) × (−३) = +६. उतरत इथे पोहोचलो, तर आधी वरच असणार. हे मुलाला पटतं, कारण त्याने ते आताच ऐकलेलं असतं. तसंच उतरत राहिलो तर समेनंतर एका मात्रेने −२, दोन मात्रांनी −४: (−२) × २ = −४. (मंद्र कोमल नी यमनात चालत नाही, पण गणितासाठी घ्यावा लागतो. पेटी वाजवणाऱ्याला आधी सांगून ठेवा.) मग चढत समेवर येणारी चाल घ्या, वेग +२. तीन मात्रा आधी कुठे होतो? −६ वर. चारही प्रकार एका ठेक्यात बसतात. नियम फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहा, आणि तो मुलांकडून वदवून घ्या.

याच्या जोडीला एक छोटा प्रयोग आहे, मला फार आवडतो. सा, रे, ग, म वाजवा: उड्या +२, +२, +१. आता प्रत्येक उडीला −१ ने गुणा: −२, −२, −१. सा, मंद्र कोमल नी, मंद्र कोमल ध, मंद्र प. त्याच मापाच्या उड्या, पण चालीचा रंग पार बदलतो, आसावरी रागाच्या अंगाचा होतो. पुन्हा −१ ने गुणा, पहिली चाल परत. (−१) × (−१) = १.

पेटी कुठे उपयोगी नाही तेही सांगतो. भागाकार तिच्यावर ओढूनताणून बसवू नका, गुणाकार पक्का झाला की तो उलट प्रश्न म्हणून कागदावर येतो. आवाज मोठा-लहान करून धन-ऋण दाखवायचा प्रयत्न करू नका. तिथे शून्य म्हणजे शांतता, आणि शांततेच्या खाली काही नसतं, म्हणजे पुन्हा रिकामी टोपली. आणि एखादं चौकस मूल विचारील की खालच्या सुराची कंपनं वजा असतात का. नाही. सा सेकंदाला २४० कंपनांचा असेल तर तार सा ४८० चा आणि मंद्र सा १२० चा. कितीही खाली गेलं तरी कंपनं शून्याखाली जात नाहीत. आपण कंपनं मोजत नाही, सा पासूनच्या पट्ट्या मोजतो. हे सरळ सांगून टाका, मुलं गोंधळत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर परिपाठाला पेटी निघतेच. प्रार्थना झाली की पाच मिनिटं ‘चढ-उतर’ तिथेच खेळा, गणिताच्या तासाला फळ्यावरचं काम करा. पूर्व विदर्भातल्या शिक्षकांसाठीही सांगतो: तिकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पेटीमास्तर होळीनंतर मोकळे असतात, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या आजूबाजूला तर हमखास भेटतात. त्यांच्याकडून सूर ओळखायला शिकून घ्या. गडचिरोलीत जिथे पेटी नाही, तिथे अंगणात चुन्याने पंचवीस घरं आखा, मधलं शून्य. ढोलाच्या ठोक्यावर मुलं घरं चालतात. रेला हा तिथला आदिवासी नाच नाचणाऱ्या मुलांची पावलं ठेक्यात आधीच पक्की असतात, तिथे गुणाकारापासून सुरुवात केली तरी चालते. पावसाळ्यात दमट हवेने पेटीच्या पट्ट्या अडकतात. हा पाठ घ्यायच्या आधी −१२ ते १२ मधली प्रत्येक पट्टी वाजवून पाहा. मधलीच एक मुकी निघाली तर नेमका तोच आकडा मुलांना नसलेला वाटतो.

बेसूर गाणाऱ्या मुलांना मागे बसवू नका. गुण गाण्याला नाहीत. ज्याला गायचं नाही त्याच्याकडे पुठ्ठा द्या, आणि ज्याला ऐकू कमी येतं त्याला बोटांनी पट्ट्या मोजू द्या. संख्यारेषा त्याच्या डोळ्यांसमोर आहेच.

शेवटी पेटी बंद करून तपासा, कारण परीक्षेत ती नसणार. पाच-सहा उदाहरणं कोऱ्या कागदावर द्या आणि उत्तरापेक्षा चूक वाचा. ४ − (−३) चं उत्तर १ आलं तर मूल दुसरं चिन्ह गिळतंय, त्याच्याशी ‘खालचा तीन’ आणि ‘उतर तीन’ पुन्हा बोला. −७ आलं तर अंतर बरोबर आहे, फक्त ‘कुठून’ चुकलंय, दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवायला सांगा. ५ − ८ पुढे अजूनही ‘जात नाही’ लिहिलेलं दिसलं तर ते मूल बोरांच्या टोपलीपाशीच आहे. त्याला परिपाठानंतर थांबवून घ्या, ८ च्या पट्टीपासून ५ च्या पट्टीपर्यंत तीन उतरायला लावा, आणि मग त्याच तीन उतरी त्याला सा वरून उतरू द्या.